कोर्टात बोललेला शब्द कागदावर कसा उतरतो?



कोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे न्यायाधीश येतात, काळे कोट घातलेले वकील येतात, दारात उभा राहून नावाचा पुकारा करणारा पट्टेवाला येतो. पण त्या खोलीत आणखी एक माणूस असतो, त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. न्यायाधीशांच्या उंच टेबलाच्या खालच्या बाजूला, कॉम्प्युटरसमोर बसलेला. तो कुणाची बाजू मांडत नाही, प्रश्न विचारत नाही, निकाल देत नाही. ऐकतो आणि टाइप करतो. कागदोपत्री त्याला लघुलेखक म्हणतात, आणि कोर्टात सगळे स्टेनो म्हणतात. पुष्कळ ठिकाणी त्या खुर्चीवर एखादी ताईच बसलेली असते.

आज आम्ही या कामाबद्दल बोलणार आहोत. कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे, आपल्या गटांतल्या कुणा ना कुणाला कधी तरी कोर्टाची पायरी चढावी लागते. पोटगी असते, माहेरच्या जमिनीची वाटणी असते, घरातली मारहाण असते, अपघाताची भरपाई असते. तिथे आपण जे बोलतो ते कागदावर कसं उतरतं हे माहीत नसेल, तर खरं बोलूनही नुकसान होऊ शकतं. दुसरं म्हणजे, हे काम आपल्या मुली करू शकतात, आणि त्याची वाट आपल्या तालुक्याच्या टायपिंग क्लासपासूनच सुरू होते.

कोर्टात कागद बोलतो

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. गावच्या बैठकीत आपण बोललेलं लोकांच्या लक्षात राहतं. कोर्टात तसं चालत नाही. तिथे जे लिहिलं गेलं तेच टिकतं.

असं का? समजा, निफाड किंवा सिन्नरच्या कोर्टात तुमची साक्ष झाली. निकाल लागेपर्यंत वर्ष जाईल, दोन वर्षं जातील. मधल्या काळात त्या न्यायाधीशांची बदली होऊ शकते. नवीन साहेब किंवा मॅडम येतील, त्यांनी तुम्हाला पाहिलेलंही नसेल. ते तुमची साक्ष वाचतील आणि त्यावरून ठरवतील. पुढे अपील झालं, प्रकरण नाशिकला जिल्हा न्यायालयात गेलं, तिथून मुंबईला उच्च न्यायालयात गेलं, तर तिथे तुम्हाला पुन्हा उभं करून सहसा कुणी विचारत नाही. तुमच्या वतीनं फक्त तो कागद बोलतो. तुमचा आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होतं, मधेच तुम्ही गप्प झालात, यातलं काहीही त्या कागदावर आपोआप येत नाही. साक्षीदाराचं वागणं कसं होतं याची नोंद न्यायाधीश करू शकतात, कायद्यात तशी सोय आहे, पण प्रत्येक वेळी ती होतेच असं नाही.

म्हणून साक्ष देणं म्हणजे एका अर्थानं लिहून देणंच आहे. फक्त लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो.

साक्ष लिहितात तरी कशी?

साक्षीचे टप्पे असतात. आधी आपला वकील आपल्याला विचारतो, ती सरतपासणी. मग समोरचा वकील विचारतो, ती उलटतपासणी. काही उलगडा करायचा राहिला तर आपला वकील पुन्हा विचारू शकतो, ती फेरतपासणी.

दिवाणी दाव्यात, म्हणजे वाटणी, मालकी, देणंघेणं अशा प्रकरणांत, 2002 पासून सरतपासणी तोंडी होत नाही. ती प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. हे प्रतिज्ञापत्र वकिलांच्या ऑफिसमध्ये टाइप होतं आणि आपण त्यावर सही करतो. पण लक्षात ठेवा, ते नुसतं सहीचं कागदपत्र नाही, ती आपली साक्ष आहे. उलटतपासणीत त्याच्या एकेका ओळीवर प्रश्न येतात. वाचता येत नसेल तर मुलीकडून, गटातल्या कुणाकडून वाचून घ्या, आणि मगच सही करा.

फौजदारी खटल्यात मात्र सरतपासणीही कोर्टातच होते. आणि उलटतपासणी साधारणपणे दोन्हीकडे तोंडीच. ती लिहायची पद्धत अशी: वकील प्रश्न विचारतो, आपण उत्तर देतो, न्यायाधीश ते उत्तर एका वाक्यात बसवून स्टेनोला सांगतात, आणि स्टेनो टाइप करते. म्हणजे आपल्या तोंडातून निघालेलं वाक्य आधी न्यायाधीशांच्या तोंडून जातं आणि मग कागदावर येतं.

यात न्यायाधीशांचा काही दुजाभाव नसतो. कायद्यानंच सांगितलं आहे की साक्ष साधारणपणे सलग निवेदनासारखी लिहावी. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं असं प्रत्येक वेळी लिहीत बसलं तर एका साक्षीला दिवस पुरायचा नाही. पण या पद्धतीची एक खुबी आहे, ती आपल्याला कळलीच पाहिजे.

एका 'हो'ची किंमत

प्रश्न कागदावर येत नाही. येतं ते फक्त उत्तर, आणि तेही पूर्ण वाक्य करून. म्हणजे वकिलानं मोठा प्रश्न विचारला आणि आपण नुसतं 'हो' म्हटलं, तर वकिलाचं सगळं वाक्य आपल्या तोंडी जातं.

उदाहरण घेऊ. पोटगीच्या प्रकरणात समोरचा वकील विचारतो, "पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही तुमच्या मनानं, भावाला बोलावून, सासर सोडून गेलात, बरोबर?" आता भाऊ आला होता हे खरं. पोळ्याचा आदला दिवस होता हेही खरं. बाई म्हणते, "हो." कागदावर येतं: हे म्हणणे खरे आहे की, पोळ्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या मर्जीने भावास बोलावून सासर सोडून गेले. आदल्या रात्री मारून बाहेर काढलं होतं, म्हणून भावाला बोलवावं लागलं, हे त्या वाक्यात कुठेच नाही. आणि कायदा असा आहे की, पुरेसं कारण नसताना बायको नवऱ्यापासून वेगळी राहिली तर तिची पोटगी अडू शकते. एका 'हो'मध्ये एवढं वजन असतं.

प्रश्नात दोन-तीन गोष्टी गुंफलेल्या असतील तर त्या सोडवून उत्तर द्यावं. "भाऊ आला होता हे खरं. मी माझ्या मर्जीनं गेले हे खरं नाही. मला मारून घराबाहेर काढलं होतं." वकील म्हणाला, फक्त हो की नाही सांगा, तर न्यायाधीशांकडे बघून शांतपणे म्हणावं, "साहेब, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही." असं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

दुसरं उदाहरण हक्कसोडपत्राचं. 2005 साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळाला. तेव्हापासून वाटणीच्या दाव्यात हा प्रश्न फार येतो, "हक्कसोडपत्रावर तुमचीच सही आहे ना?" सही आपली असेल तर खरंच सांगायचं. पण "सही माझी आहे" एवढंच सांगून गप्प बसलं तर कागदावर तेवढंच राहतं. "सही माझी आहे, पण ती बँकेच्या कर्जाचे कागद म्हणून घेतली, मला वाचून दाखवलं नव्हतं," असं घडलं असेल तर ते त्याच दमात सांगावं. राहून गेलं तर आपल्या वकिलाला फेरतपासणीची परवानगी मागायला सांगावं.

आणखी एक फरक नीट ऐका. "नाही", "मला माहीत नाही" आणि "मला आठवत नाही" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. "तुम्ही दिरांकडून पैसे घेतले होते का?" घेतलेच नसतील तर "नाही" म्हणायचं. तिथे घाबरून "आठवत नाही" म्हटलं, तर कागद वाचणाऱ्याला वाटतं, घेतले असतील बुवा, आता लपवतेय. आणि खरंच आठवत नसेल तर अंदाजानं तारीख, रक्कम ठोकून देऊ नये. "तारीख आठवत नाही, पण कांद्याची लागण चालू होती," हे उत्तर चालतं. तसंच लिहून घेतात.

साक्षीच्या शेवटी बऱ्याचदा एक ठरलेलं वाक्य असतं: मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही. पुष्कळ बायका या वाक्यानं दचकतात, आपल्याला खोटं ठरवलं असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. समोरचा वकील शेवटी म्हणतो, तुम्ही खोटं बोलताय. आपण म्हणतो, नाही. त्याचंच ते कोर्टाच्या भाषेतलं वाक्य असतं.

मान हलवलेली टाइप होत नाही

स्टेनोला फक्त शब्द पकडता येतात. मान डोलावली, हातानं "एवढं लांब" दाखवलं, "तिथे" म्हणून बोट केलं, तर ती काय लिहिणार? "एवढी काठी" म्हणण्यापेक्षा "हातभर लांबीची काठी" म्हणावं. "यानं मारलं" म्हणण्यापेक्षा नाव घेऊन सांगावं. नवऱ्याचं नाव घ्यायचा संकोच पुष्कळ जणींना असतो, पण घरात तीन भाऊ असले तर "त्यांनी" म्हणजे कुणी, हे कागदावरून कळत नाही.

वेगही सांभाळावा. एक वाक्य बोलावं, थांबावं. किबोर्डचा आवाज थांबला की पुढचं बोलावं. न्यायाधीश वाक्य सांगत असताना आपण कान देऊन ऐकावं, कारण तेच आपलं वाक्य होणार असतं. चूक वाटली तर लगेच म्हणावं, "साहेब, मी असं नाही म्हणाले, मी असं म्हणाले होते."

एखादा प्रश्न फारच महत्त्वाचा असेल, त्याच्या शब्दांतच सगळं असेल, तर तो प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यावं अशी विनंती आपला वकील करू शकतो. न्यायाधीशांना तो अधिकार आहे.

सही करण्याआधी वाचून घेण्याचा हक्क

साक्ष संपली की लगेच खाली उतरायचं नसतं. लिहिलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवली पाहिजे आणि गरज असेल तर दुरुस्त केली पाहिजे, असं कायदा म्हणतो. ती ज्या भाषेत लिहिली ती साक्षीदाराला कळत नसेल, तर त्याच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे, असंही म्हणतो. जुन्या फौजदारी संहितेत हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दिवाणी कायद्यातही आहे.

आता कोर्टात गर्दी असते, पुढचा पुकारा झालेला असतो, आणि कुणी तरी म्हणतं, "ताई, इथे सही करा." अशा वेळी आपल्या बायका सही करून मोकळ्या होतात. आमच्या एका गटातल्या ताई मात्र थांबल्या. वाटणीच्या दाव्यात त्यांची उलटतपासणी झाली होती. त्यांनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. वडील वारल्यानंतर त्या "चार वर्षांनी" माहेरी गेल्या असं लिहिलं होतं, त्या "चार दिवसांनी" म्हणाल्या होत्या. त्यांनी सांगितलं, न्यायाधीशांनी वकिलांना विचारलं, आणि तिथल्या तिथे शब्द दुरुस्त झाला. कुणी रागावलं नाही. पाच मिनिटांचं काम. तो शब्द तसाच राहिला असता तर चार वर्षं माहेरी न फिरकणारी बाई जमिनीसाठी उगवली, असा त्याचा अर्थ लागला असता.

एक मात्र सांगतो. ही दुरुस्ती लिहिण्यातल्या चुकीची असते. आपण बोललो एक आणि नंतर वाटलं की दुसरं बोलायला हवं होतं, तर ते असं बदलता येत नाही. आपण चूक म्हणतो आणि न्यायाधीशांना ती पटली नाही, तर निदान आपला आक्षेप नोंदवून ठेवण्याची तरतूद फौजदारी कायद्यात आहे.

आपली बोली आणि कोर्टाची भाषा

महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, 1998 साली सरकारनं तसं जाहीर केलं. तरी कामकाजात इंग्रजीही चालते, आणि उच्च न्यायालयात तर इंग्रजीच. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्याच्याही आधीचा एक टप्पा आहे. कळवण, सटाणा, मालेगावकडची बाई अहिराणीत बोलते. सुरगाणा, पेठकडची कोकणा बोलीत बोलते. तिचं बोलणं आधी पुस्तकी मराठीत येतं, आणि कधी त्याहीपुढे इंग्रजीत.

अहिराणीत मुलाला आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. लिहिताना फरक एका कान्याचा. जमिनीच्या दाव्यात "तिला एक आंडेर होती" हे "आंडोर" झालं, तर घरातला एक वारसच बदलला. म्हणून ज्यांची बोली वेगळी आहे त्यांनी लाजू नये. "साहेब, मला पुस्तकी मराठी जमत नाही, मी माझ्या बोलीत सांगते," असं स्पष्ट म्हणावं, आणि शब्द कळला नाही असं दिसलं तर दुसऱ्या शब्दानं सांगावं. दुभाषाची गरज असेल तर वकिलामार्फत मागावी.

भाषा बदलताना अर्थ कसा निसटतो याचा मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. 1908 साली लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. लेख केसरीतले, मराठीतले. निवाडा देणाऱ्या ज्युरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे आली ती इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, या मराठी शब्दाला हा इंग्रजी शब्द कसा काय लावला म्हणून. सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी धरलं गेलं आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्या खटल्यात बोललेलं शब्दशः लिहून घेतलेलं होतं. न. चिं. केळकरांनी त्याच साली ते पुस्तकरूपानं छापलं. म्हणून शंभर वर्षांनंतरही टिळक काय म्हणाले हे आपल्याला वाचता येतं.

दुसरीकडे कसं चालतं?

अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची कोर्टं वेगळी असतात. केंद्राच्या कोर्टांसाठी 1944 साली तिथे कायदा झाला आणि अधिकृत कोर्ट रिपोर्टर नेमले जाऊ लागले. त्याआधी पक्षकारांना स्वतःच्या खर्चानं लिहून घेणारा माणूस आणावा लागे. तिथे न्यायाधीश वाक्य सांगत नाहीत. वकिलाचा प्रश्न, साक्षीदाराचं उत्तर, न्यायाधीशांचं बोलणं, सगळं शब्दशः उतरवून घेतात. त्यासाठी 22 कळांचं एक लहान यंत्र असतं. पेटी वाजवताना आपण दोन-तीन सूर एकदम दाबतो, तशा त्यावर अनेक कळा एकाच वेळी दाबतात आणि एका दाबात अख्खा उच्चार उमटतो. या व्यवसायाच्या परीक्षेत साक्षीच्या भागासाठी मिनिटाला 225 शब्दांचा वेग लागतो. या कामात तिथे बहुसंख्य स्त्रियाच आहेत. त्यांना पगार मिळतोच, शिवाय पक्षकारांना छापील प्रत करून दिली की पानामागे वेगळे पैसेही मिळतात.

आपल्याकडेही बदल येतो आहे. साक्षीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करण्याची सोय कायद्यात आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाची सुनावणी चालू असताना, वकिलांचं बोलणं यंत्रानं ऐकून तिथल्या तिथे पडद्यावर लिहून दाखवायला सुरुवात झाली. पण ते इंग्रजीतले युक्तिवाद होते. आपल्या तालुक्याच्या कोर्टात, पंख्याच्या आवाजात, पदर तोंडाला लावून बोलणाऱ्या आजीची अहिराणी समजून घ्यायला अजून माणसाचाच कान लागतो. आणि यंत्रानं लिहिलेलंही कुणी तरी तपासावंच लागतं.

स्टेनोचं काम आणि आपल्या मुली

नाशिकचं जिल्हा न्यायालय सीबीएसजवळ आहे. शिवाय मालेगाव, निफाड, येवला, सिन्नर, दिंडोरी, कळवण, सटाणा, नांदगाव अशा ठिकाणीही कोर्टं आहेत. प्रत्येक न्यायाधीशाला लिहून घेणारं माणूस लागतंच.

स्टेनोचा दिवस नुसत्या साक्षीत जात नाही. न्यायाधीश आदेश सांगतात, निकालपत्र सांगतात, ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, मग टाइप करायचं, तपासून दुरुस्त करायचं, आणि सही झाल्यावर कोर्टाच्या संकेतस्थळावर जाईल असं बघायचं. निकाल जाहीर होण्याआधी तो स्टेनोला माहीत असतो, पण घरच्या माणसालाही सांगायचा नसतो. अत्याचाराच्या खटल्यात दारं बंद करून साक्ष होते, तेव्हाही स्टेनो आत असते. पीडितेचं नाव जाहीर करणं हा गुन्हा आहे. तेव्हा या कामात वेगाइतकाच विश्वास लागतो. आणि मन घट्ट लागतं, कारण नको नको ते ऐकत, हात न थांबवता लिहावं लागतं.

लघुलिपी म्हणजे शॉर्टहँड. इंग्लंडच्या आयझॅक पिटमननं 1837 साली काढलेली पद्धत आजही शिकवतात. त्यात अक्षरं नसतात, आवाज असतात. प साठी बारीक तिरकी रेघ, तीच जाड केली की ब. ओळीच्या वर, ओळीवर, ओळीतून, अशा जागेवरून स्वर ओळखायचा. मराठीसाठीही अशीच लघुलिपी आहे.

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी 4,629 जागांची जाहिरात काढली होती. त्यात लघुलेखक श्रेणी 3 च्या 568, कनिष्ठ लिपिकाच्या 2,795 आणि शिपाई-हमालाच्या 1,266 जागा होत्या. लघुलेखकाचं मूळ वेतन 38,600 रुपयांपासून सुरू होतं, कनिष्ठ लिपिकाचं 19,900 पासून. म्हणजे एका विद्येमुळे सुरुवातीचा मूळ पगार जवळजवळ दुप्पट. शिवाय राज्याच्या नोकऱ्यांत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे.

वाट अशी आहे. पदवी हवी. टायपिंगच्या सरकारी परीक्षा हव्यात, मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांच्या. आणि मराठी व इंग्रजी दोन्ही शॉर्टहँड हवं. या परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. शॉर्टहँडचे टप्पे 60, 80, 100, 120 शब्द असे चढत जातात. जाहिरातीत जो वेग मागितला असेल तो तोवर हातात आलेला पाहिजे. आयटीआयमध्येही स्टेनोग्राफीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. निवडीच्या वेळी तुमच्यासमोर मजकूर वाचतात आणि तो उतरवून टाइप करायला लावतात, त्यामुळे नुसतं सर्टिफिकेट असून भागत नाही. बीए करता करता मुलीनं रोज दोन तास सराव केला, तर पदवीबरोबर ही विद्याही हाती येते. सरावाला मोठा खर्च नाही. आकाशवाणीच्या बातम्या लावायच्या आणि वही घेऊन उतरवून घ्यायच्या.

जाहिराती उच्च न्यायालयाच्या आणि जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर येतात. "कोर्टात चिकटवून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका.

साक्षीला जाताना एवढं लक्षात ठेवा

प्रतिज्ञापत्र वाचून किंवा वाचून घेऊनच सही करा. प्रश्न पूर्ण ऐका, कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. मोठ्या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणू नका, खरं काय आणि खोटं काय ते वेगळं करून सांगा. मान हलवू नका, शब्दात सांगा. न्यायाधीश सांगत असलेलं वाक्य ऐका, चूक असेल तर तेव्हाच बोला. साक्ष संपल्यावर "मला वाचून दाखवा" म्हणा. मग सही किंवा अंगठा.

नंतर साक्षीची नक्कल काढून ठेवा. आपल्या प्रकरणाची नक्कल अर्ज आणि थोडी फी भरून मिळते. प्रत्येक प्रकरणाला 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो वहीत लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते, तारखेसाठी कुणाच्या मागे फिरावं लागत नाही.

वकील परवडत नसेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे, आणि फोन नंबर आहे 15100.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास काढा. एकीनं वकील व्हायचं, एकीनं साक्षीदार, आणि एकीनं स्टेनो होऊन उत्तरं पूर्ण वाक्यात वहीत लिहायची. मग ती वही मोठ्यानं वाचा आणि साक्षीदार बाईला विचारा, "तू हेच म्हणाली होतीस का?" बहुतेक वेळा ती म्हणेल, "नाही गं, मला असं नव्हतं म्हणायचं." तिथून पुढचं शिकणं आपोआप होईल.